"मॅडम, हे कायले शिकाचं?" : नववी-दहावीच्या मुलांना गावातच उत्तर शोधून देताना

धागा काढणार : वर्धाकाठ

नमस्कार मंडळी,

मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. नववी-दहावी मिळून एकाहत्तर मुलं आहेत. निम्म्यांच्या घरी तीन-चार एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. बाकीच्यांच्या घरी तेही नाही, मजुरीवर भागतं.

मागच्या हंगामात शेकडेवारीची उजळणी घेत होते, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, हे कायले शिकाचं?" त्यात उद्धटपणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी नेहमीचं सांगितलं, पुढे कामाला येतं. "कोणत्या कामाले?" आणि माझ्या तोंडून बँकेशिवाय दुसरं नाव निघेना. घरी गेल्यावर आठवलं, याचेच वडील चार दिवसांपूर्वी खरेदी केंद्रावरून ओलाव्याची कपात सोसून आले होते. ती कपात म्हणजेच शेकडेवारी. मुलगा बापासोबत मेटॅडोरमध्ये बसून गेला होता, कपात त्याने डोळ्यांनी पाहिली होती, आणि फळ्यावरचं गणित तेच आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं.

या हंगामात मग मी ठरवूनच सुरुवात केली. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव. पुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यामागे भावात एक टक्का कपात, आणि १२च्या वर गेला तर माल परत. मी विचारलं, मीटरने ११ दाखवले तर? मुलांनी काढलं : तीन टक्के म्हणजे २४३ रुपये ३० पैसे, हाती येणार ७,८६६ रुपये ७० पैसे. दहा क्विंटलवर २,४३३ रुपये गेले. एक मुलगी पटकन म्हणाली, "डीएपी खताच्या पावणेदोन थैल्या." पुस्तकात असं उत्तर कुठेच नसतं, पण वर्गातल्या सगळ्यांना ते कळलं.

त्यानंतर किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. पाच गट केले, प्रत्येकाला १०० ग्रॅम कापूस दिला आणि बोटांनी सरकी वेगळी करायला लावली. पस्तीस मिनिटं लागली. चौघाचौघांनी मिळून काढलेली ती मूठभर रुई बघून मुलं गप्प झाली होती. वजनं आली ३३, ३५, ३४, ३२ आणि ३६ ग्रॅम. सरासरी ३४. जिनवाले (यंत्रावर रुई आणि सरकी वेगळी करणारे) ज्याला उतारा म्हणतात तो हाच. रुईची एक गाठ १७० किलोची असते, मग एका गाठीला कापूस किती लागेल? बरोब्बर पाच क्विंटल. हे उत्तर तोंडी आलं, तेही अशा मुलाकडून जो चाचणीत सहसा कोरा पेपर देतो.

तिसऱ्या दिवशी जवळच्या जिनिंगमध्ये गेलो. आधी परवानगी घेतली, मुलींना वेण्या बांधून ओढण्या खोचायला सांगितल्या, नाकाला रुमाल बांधायला लावले, दम्याचा त्रास असलेल्या दोघांना बाहेर काट्यावर बसवलं. डबल रोलर जिनचा आवाज एवढा, की शिकवण्याचा प्रश्नच नव्हता, नुसतं बघायचं. रोलर रुई ओढून नेतो, पात्याचा ठोका बसून सरकी खाली पडते. शेवटी प्रेस. खोलीभर फुगलेली रुई बघता बघता ट्रंकेएवढ्या गाठीत बसली. आठवीतल्या 'बल व दाब' धड्याचा तास मी कित्येक वर्षं घेतला आहे, पण तो धडा माझ्यासमोर असा कधी उभा राहिला नव्हता.

माझा प्रश्न असा. कापसापुरतं एवढं जमलं, पण इतर विषयांचं काय? तुमच्या गावात, तुमच्या कामात नववी-दहावीचं कोणतं शिकणं रोज वापरात येतं? आणि पोर्शन न बुडवता हे कसं करता येईल? "करिअर मार्गदर्शन" म्हणून वर्षातून एकदा बाहेरचा वक्ता येतो, पन्नास कोर्सची नावं वाचून दाखवतो आणि जातो. माझ्या मुलांच्या हाती त्यातलं काहीच लागत नाही.

प्रतिसाद १ : निवृत्त_मास्तर

बाईसाहेब, तुम्ही वर्धा जिल्ह्यातून हे लिहीत आहात याचा विशेष आनंद झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली होती, अध्यक्ष गांधीजी. तिथून झाकीर हुसेन समिती निघाली आणि नई तालीम आली. शिक्षण हाताच्या कामातून, मातृभाषेतून. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी ते प्रत्यक्ष चालवून दाखवलं.

मी नोकरीला लागलो तेव्हा त्याचं सालपट तेवढं उरलं होतं. वेळापत्रकात 'कार्यानुभव' असा तास असायचा आणि त्या तासाला मुलं मैदान झाडायची. माझ्या मते नई तालीम मागे पडली ती हाताच्या कामामुळे नाही. सूत कातायची टकळी फिरत राहिली, पण त्या टकळीतून गणित, भूगोल, इतिहास काढणारा शिक्षक मिळेना, आणि मग टकळी हा नुसता विधी होऊन बसला. तुम्ही सरकी काढायला लावली ती पस्तीस मिनिटं, आणि तिथून सरासरीवर आलात. तेच महत्त्वाचं. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळा २००५पासून पुन्हा सुरू आहे, सवड काढून मुलांना घेऊन जा. तुम्हाला बस एकच पडेल.

प्रतिसाद २ : जुना_फिटर

मॅडम, नमस्कार. मी आयटीआयला निदेशक आहे, फिटर ट्रेडला. दरवर्षी ऑगस्टमध्ये नवीन बॅच येते, तेव्हाचा अनुभव सांगतो.

मुलं दहावी पास असतात, काहींना गणितात सत्तरच्या वर मार्क असतात. हातात व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) दिला की २३.४ आणि २३.०४ यांत फरक काय ते सांगता येत नाही. अपूर्णांक विचारा, तीन अष्टमांश मोठा की एक चतुर्थांश? गोंधळतात. आणि याच मुलांचे वडील, मामा सुतार-मिस्त्री असतात, ते घरी दिवसभर 'सूत' म्हणत असतात. एका इंचाचे आठ सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच, तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश. ज्या घरात सूत बोललं जातं त्या घरातल्या मुलाला तीन अष्टमांश कळत नाही, याचा अर्थ दोन भाषांमधला पूल कोणी बांधलाच नाही. आपल्या मराठीत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आयते आहेत. प्लंबरकडे जाऊन पाऊण इंची पाइप मागणारा मुलगा वर्गात ३/४ पाहून घाबरतो.

तर माझी सूचना : सहावी ते नववी, प्रत्येक वर्गात एक मोजपट्टी ठेवा, लोखंडी, इंच आणि सेंटिमीटर दोन्ही असलेली. बाक मोजा, खिडकी मोजा, फळा मोजा. आणि गावच्या मिस्त्रीला एक दिवस बोलवा. पाया आखताना तो काटकोन कसा काढतो ते त्याला दाखवू द्या. एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट, आणि दोन टोकांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं की कोपरा गुण्यात. पायथागोरसचं नाव त्याने ऐकलेलंही नसेल. प्रमेय मुलांनी त्याला समजावून सांगावं, दोघांचाही मान वाढेल.

एक माहिती इथेच देतो, कारण पालकांना ती नसते. इलेक्ट्रिशियन, फिटर हे ट्रेड दोन वर्षांचे, दहावी पास लागते. वेल्डर एक वर्षाचा. आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं असं नाही, दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो आणि तिथून इंजिनिअरिंगची वाट मोकळी होते. "आयटीआयला ढ पोरं जातात" हे वाक्य शिक्षकांच्या खोलीतच बंद व्हायला हवं.

प्रतिसाद ३ : काटेपूर्णा

चर्चा चांगली आहे, पण एक शिक्षक म्हणून स्पष्ट लिहितो. आमच्याकडे दहावीला गणित भाग १, भाग २, विज्ञान भाग १, भाग २, त्यात शालाबाह्य कामं, त्यात ऑनलाइन माहिती भरणं. निकाल दोन टक्के घसरला तरी संस्थाचालक बोलावून घेतात. जिनिंगमध्ये गेलेला दिवस परत कुठून आणायचा?

प्रतिसाद ४ : वर्धाकाठ

सर, अडचण खरी आहे आणि माझ्याकडे जादू नाही. मी काय केलं ते सांगते. दहावीला हात लावला नाही, सगळं नववीत केलं. भेट शनिवारी ठेवली. उताऱ्याचं गणित सांख्यिकीच्या तासातच घेतलं, वेगळा तास काढला नाही. नववीला 'जलसुरक्षा' विषय आहेच, त्याचं उपक्रमाचं काम मुलं वहीत कुठूनतरी उतरवून आणतात. यंदा मी सांगितलं, आपल्या गावच्या पाच विहिरींची पाण्याची पातळी दर पंधरा दिवसांनी दोरी टाकून मोजा आणि आलेख काढा. तेच उपक्रमाचं काम धरलं. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी वर्षात दहा दिवस बिनदप्तराचे सांगितले आहेत, ते नुसत्या सहलीत जाऊ न देता तिथे पाया घालता येईल.

जिनला गेलेला दिवस मात्र परत आला नाही, हे कबूल. त्या वर्गाला आता शेकडेवारी पुन्हा शिकवावी लागत नाही, एवढंच सांगू शकते.

प्रतिसाद ५ : कळंबची_आई

नमस्कार ताई. मी बोलत आहे आणि माझी मुलगी लिहून देत आहे. ती दहावीत आहे. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले.

तुमचं वाचून तिने मला दाखवलं. चांगलं शिकवता तुम्ही. पण मला एक विचारायचं आहे. मी वेचणीला जाते. दोन हंगाम जिनिंगमध्येही काम केलं. तिथे बाया काय करतात हे माझ्या मुलीला माहीत आहे, तिला ते शाळेने दाखवायची गरज नाही. मी सकाळी पाचला उठून डबा भरते, तो तिने जिनच्या धुळीत जाऊ नये म्हणून. शाळेने तिला तिथेच नेलं तर मला असं वाटेल, की माझ्या पोरीसाठी यांनी जागा ठरवूनच ठेवली आहे. मोठ्या शहरातल्या शाळेतल्या मुलांना कोणी कापूस सोलायला लावत नाही. त्यांना दवाखाना दाखवतात, ऑफिस दाखवतात.

तिला जिनमध्ये नेऊ नका असं माझं म्हणणं नाही. पण तिथे जो मीटर लावतो, ज्याच्या एका शब्दावर आमचा भाव ठरतो, त्या माणसाजवळ न्या. तो कुठपर्यंत शिकला, कसा तिथे बसला, हे तिला विचारू द्या. मी त्याच्यासमोर कधी तोंड उघडू शकले नाही. तिने उघडावं.

रागाने बोलले असं समजू नका.

प्रतिसाद ६ : निवृत्त_मास्तर

ताई, तुमच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा. हाच आक्षेप नई तालीमवरही होता, की यातून विणकराचा मुलगा विणकरच राहील. माझ्या वरच्या प्रतिसादात तो यायला हवा होता.

प्रतिसाद ७ : वर्धाकाठ

ताई, तुमचं लिहिणं मी तीन वेळा वाचलं. तुम्ही बरोबर आहात आणि माझ्या लक्षात हे आलं नव्हतं. मी मुलांना यंत्र दाखवलं, ऑफिस दाखवलं नाही. ग्रेडर, म्हणजे मीटर लावून मालाची प्रत ठरवणारे, तिथेच खुर्चीवर बसले होते, मी त्यांना नमस्कार करून पुढे गेले.

काल पुन्हा जाऊन आले, या वेळी सहा मुलं घेऊन, त्यांतल्या चार मुली. ग्रेडर साहेबांनी अर्धा तास दिला. त्यांचं शिक्षण कृषी पदवी. बारावी विज्ञान, त्यानंतर सीईटी, मग कृषी महाविद्यालयात चार वर्षं, आपल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली. मुलींनी विचारलं, मीटर चुकतो का? त्यांनी गंजीत तीन वेगवेगळ्या ठिकाणी मीटरची सळई खुपसून दाखवली : ९.८, ११.२, १०.१. एकाच मालाचे तीन आकडे. वर दव धरलेला, आत कोरडा. एका मुलीने लगेच विचारलं, "मग तुम्ही कोणता लिहिता?" ते म्हणाले, सरासरी. त्यावर ती म्हणाली, "मग आम्ही पण तीनदा लावा म्हणू शकतो." ते हसून म्हणाले, म्हणायलाच पाहिजे.

ताई, तोंड उघडलं बघा तिने. तिची आई पण वेचणीला जाते.

आता मी नियम केला आहे. जिथे जाऊ तिथे मुलं तीनच प्रश्न विचारतील. तुम्ही कुठपर्यंत शिकलात? शाळेतलं कोणतं शिकणं आज हाताशी येतं? कोणतं राहून गेलं, ज्याची आज आठवण येते? पुढच्या महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या लॅबमध्ये जायचं आहे, मग बँकेत. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांत वरच्या खुर्चीपर्यंत.

प्रतिसाद ८ : आर्वी_सोलर

नमस्कार मॅडम. मी आपल्याच भागातला हाओ. शुद्ध लिहिता येत नाई, जसं बोलतो तसं लिहितो, समजून घ्या.

दहावीले मले विज्ञानात ४१ मार्क होते. एकसर आणि समांतर जोडणी घोकून पाठ केली, पेपरात लिहिली, विसरलो. मंग आयटीआय केलं इलेक्ट्रिशियनचं, आता सोलर पंप बसवतो आन् दुरुस्त करतो. तीन एचपीच्या पंपाले नऊ-दहा पॅनल लागते. एकामागं एक जोडाचे. एकाचं व्होल्टेज चाळीस-पंचेचाळीस, नऊ जोडले का साडेतीनशे-चारशे होते, तेबी डीसी. धक्का बसला तं माणूस वाचत नाई. तवा समजलं मले का एकसर म्हंजे काय. कास्तकाराचा फोन येते, "दादा, सूर्य हाये, पॅनल हाये, पंप चालून नाई रायला." जाऊन पाहावं तं एका पॅनलच्या मांगचा कनेक्टर ढिला. एक ढिला तं नऊच्या नऊ बंद. हेच शाळेत तीन बल्ब लावून दाखवलं असतं, एक काढला का तिन्ही विझते, तं मी जन्मात विसरलो नसतो.

दुसरं भूगोलाचं. पॅनल दक्षिणेकडं तोंड करून तिरपे लावा लागते, किती तिरपे? जवळजवळ आपल्या अक्षांशाएवढे, म्हंजे इकडं वीस-एकवीस अंश. अक्षांश मी नकाशात भरला होता पेन्सिलनं. त्याचा माह्या रोजीशी काई संबंध असन हे कोणी सांगतलं नाई.

आन् तिसरं, जे राहून गेलं ते. इंग्रजी. कंट्रोलरवर एरर येते, मॅन्युअल इंग्रजीत. सुरवातीले फोटो काढून दोस्ताले पाठवत होतो. आता शिकलो हळूहळू, पण दोन वर्ष गेले माहे त्याच्यात. पोट्ट्यायले सांगा का इंग्रजीचा धडा पाठ नका करू, कोणत्याबी मशीनचं मॅन्युअल घ्या आन् वाचा. पंप, गिरणी, मोबाईल, काईबी.

प्रतिसाद ९ : जुना_फिटर

दादा, तुमचा हा प्रतिसाद मी छापून वर्कशॉपच्या भिंतीवर लावतोय. इंग्रजी मॅन्युअलचं तर शंभर टक्के.

प्रतिसाद १० : सेतू_केंद्र_वाशिम

मी सेतू केंद्र चालवतो. सगळे शिक्षण आणि कामाचं बोलत आहेत, मी मधल्या फाटकाचं बोलतो, कारण मुलं अडकतात ती तिथे.

दर जूनमध्ये माझ्या दारात रांग लागते. दहावीचा निकाल लागला, प्रवेशाची तारीख चार दिवसांवर, आणि दाखला नाही. कोणाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव एक, आधारवर दुसरं. वडिलांच्या नावात एकीकडे 'राव' आहे, दुसरीकडे नाही. उत्पन्नाचा दाखला जुना झालेला. जात पडताळणीचं तर विचारूच नका. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा. तो पुरावा म्हणजे पणजोबाचं नाव असलेली कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, नाहीतर आजोबाच्या शाळेचा दाखला. चार दिवसांत कुठून आणणार? चांगल्या मार्कांची मुलगी, हवी ती ब्रँच सोडून कुठेतरी फी भरून बसते, किंवा बसतच नाही.

माझं म्हणणं, हे नववीत शिकवा, आणि वेगळा विषय म्हणून नाही. नववीच्या इतिहासात पहिलाच धडा 'इतिहासाची साधने'. वर्तमानपत्रं, टपाल तिकिटं ठीक आहे, पण कोतवाल बुक हेही साधनच आहे. प्रत्येक मुलाने आपल्या घराचा सर्वांत जुना कागद शोधून आणावा. त्यावरची तारीख, गावाचं नाव, नावाचं स्पेलिंग वहीत उतरवावं. मराठीत पत्रलेखन असतं, त्यात कोणा काल्पनिक 'अ. ब. क.'चं पत्र लिहिण्यापेक्षा मुख्याध्यापकांना नावदुरुस्तीचा खरा अर्ज लिहावा. माझ्या गावच्या शाळेत यंदा मी दोन शनिवार जाऊन हे केलं. अठ्ठावीस मुलांपैकी अकरा जणांच्या कागदांत नावाचा फरक निघाला. नववीत निघाला म्हणून बरं झालं, दुरुस्तीला वर्ष हाती आहे.

प्रतिसाद ११ : काटेपूर्णा

हे करता येईल. यात एकही दिवस बुडत नाही. आमच्या शाळेत सोमवारीच सुरू करतो. सेतू दादा, कागदांची यादी इथे टाकाल का?

प्रतिसाद १२ : सेतू_केंद्र_वाशिम

टाकतो सर, वेगळा धागा काढून. कोर्सप्रमाणे यादी बदलते, इथे घाईने लिहिली तर कोणाचा तोटा व्हायचा.

प्रतिसाद १३ : मोहफूल

गडचिरोलीहून, धानोरा तालुका. आमच्याकडे कापूस नाही, जिन नाही, एमआयडीसी नाही. मुलं विचारतात, आपल्याकडे काम कुठे आहे? जंगल दाखवलं की म्हणतात ते तर आहेच.

मेंढा-लेखाचं नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असेल. २००९मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे १,८०० हेक्टर जंगल. बांबू विकायचा अधिकार ग्रामसभेकडे आला. अधिकार आला म्हणजे त्याच्यामागे काम आलं : बांबूची मोजणी, कापायचा किती आणि राखायचा किती याचा आराखडा, मजुरांचे हजेरीपट, लिलाव, जीएसटी, बँक, ऑडिट. दहावीच्या बीजगणितात 'अर्थनियोजन' प्रकरणात जीएसटी आहे, तो आमच्या भागातल्या ग्रामसभांना प्रत्यक्ष भरावा लागतो. तेंदूपानाचा हंगाम मे महिन्यात, नेमका सुट्टीत. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी, कोणाची किती पुडकी झाली याचा हिशेब फळीवर (पानं गोळा करण्याच्या जागी) रोज होतो. तो हिशेब चोख ठेवणारी मुलगी गावात असेल तर ठेकेदाराचा माणूस काही फिरवू शकत नाही.

कळंबच्या ताईंचं वाचताना मला हेच वाटलं. आमच्या मुलांनी फक्त पानं तोडावीत असं मलाही वाटत नाही. पण करार वाचणारा, नकाशावर जीपीएसचे बिंदू लावणारा, गोंडीतलं म्हणणं मराठीत आणि मराठीतलं गोंडीत नीट सांगणारा माणूस आमच्या गावांना हवा आहे, आणि तो बाहेरून आणावा लागतो. मी मुलांना सांगतो, ही जागा रिकामी आहे.

एक अडचण मात्र सांगतो. आमच्याकडची काही मुलं घरी फक्त गोंडी बोलतात. झाडाचं नाव, उपयोग, फुलोऱ्याचा महिना सगळं माहीत असतं, पण मराठी नाव येत नाही म्हणून विज्ञानाच्या तासाला गप्प बसतात. मी आता वहीत तीन रकाने करायला लावतो : गोंडी, मराठी, शास्त्रीय नाव. पहिला रकाना मुलं भरतात, आणि मीही तो त्यांच्याकडून शिकतो.

प्रतिसाद १४ : पाबळ_पाहिलेला

इथे अजून कोणी उल्लेख केला नाही म्हणून लिहितो. पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबाग यांनी १९८३मध्ये सुरू केलेला. त्यांचा 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' हा आठवी ते दहावीचा विषय, आठवड्यातला एक दिवस. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि मुलं गावाला सेवा देत देत शिकतात : कोणाचं वेल्डिंग, कोणाच्या मातीची तपासणी. मुली वेल्डिंग करतात आणि मुलं स्वयंपाक, वाटणी नाही. पुस्तिका मराठीत आहेत. सगळं नाही तरी माती आणि पाणी तपासणी कोणत्याही शाळेला जमण्यासारखी आहे.

फक्त एक जपा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं कायद्याने बंद आहे, अठराच्या आतल्याला धोक्याच्या कामावर लावता येत नाही. भेट म्हणजे बघणं आणि विचारणं. कोणी मालक "पोरं हुशार आहेत, सुट्टीत पाठवा" म्हणाला तर तिथेच नाही म्हणा.

प्रतिसाद १५ : वर्धाकाठ

हो, हे दोन ठिकाणी खरंच ऐकावं लागलं. दोन्हीकडे नाही म्हटलं.

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजपट्ट्या घेतल्या, आठ. मिस्त्री काका गुरुवारी येत आहेत, त्यांनी आधी विचारलं की "मले शाळेत बोलता येईन का?", मी म्हटलं बोलू नका, दोरी धरा. सेतू दादांचा घरातल्या जुन्या कागदाचा उपक्रम इतिहासाच्या सरांनी घेतला. आनंद निकेतनला जानेवारीत जायचं ठरतंय. मुलींच्या येण्याजाण्याचा प्रश्न होता. मानव विकास योजनेची मुलींसाठीची निळी बस शाळेच्याच वेळेला असते, मुलाखतीसाठी थांबलं तर ती चुकते. म्हणून भेटी सकाळच्या करतोय.

आर्वी_सोलर दादा, तुम्ही जवळचे आहात म्हणून विचारते. एखाद्या शनिवारी याल का?

प्रतिसाद १६ : आर्वी_सोलर

येतो ना मॅडम. माह्याजवळ दोन जुने पॅनल हायेत, लहान, बारा व्होल्टवाले, धक्का लागाची भीती नाई. तीन बल्बबी आणतो. मल्टिमीटर शाळेत हाये का?

प्रतिसाद १७ : वर्धाकाठ

कपाटात आहे, त्याची नऊ व्होल्टची बॅटरी गेलेली आहे. उद्या आर्वीला जाते तेव्हा आणते.

प्रतिसाद १८ : कळंबची_आई

ताई, हे मी स्वतः लिहीत आहे, त्यांची मुलगी. आई वेचणीला गेली आहे. मला ग्रेडर साहेबांना विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं सगळी मिळतील का? बारावीला जीवशास्त्र घ्यावं लागतं की गणित, हे त्यांनी सांगितलं होतं का? आईने विचारायला सांगितलं आहे.

प्रतिसाद १९ : वर्धाकाठ

बाळा, मुलींनी वहीत सगळं लिहून घेतलं आहे, दोन पानं आहेत. फोटो काढून आज संध्याकाळी इथेच टाकते. जीवशास्त्र की गणित, हे त्यांना उद्या फोन करून नीट विचारते, अंदाजाने सांगत नाही.